मूल सावरतं कशानं? गोव्यातल्या शिक्षक-पालकांसाठी

घरात कुणी गेलं, बाबांचं काम सुटलं, पुराचं पाणी स्वयंपाकघरात शिरलं, की शाळेत आलेल्या मुलाला भेटेल तो एकच गोष्ट सांगतो: खंबीर हो. सांगणाऱ्याच्या मनात माया असते. मुलाला मात्र त्यातून कळतं ते एवढंच, की आपण रडलो तर मोठ्यांना चालत नाही. मग ते रडायचं थांबतं आणि त्याबरोबर बोलायचंही.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं चाळिशीत येईपर्यंत घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण किंवा व्यसन अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडपणे उभी राहिली. त्यांच्यात वारंवार दिसलेल्या गोष्टी साध्या होत्या. निदान एक तरी मोठं माणूस नेमाने त्यांच्या पाठीशी होतं, मग ते आजी असो वा शिक्षक. त्यांच्याकडे कुणाच्या तरी उपयोगाचं काम होतं. आणि आपण काही केलं तर फरक पडतो, असा त्यांना अनुभव होता. या तिन्ही गोष्टींची शाळेत व्यवस्था लावता येते. त्यासाठी वेगळा तास लागत नाही, वेगळं पुस्तकही लागत नाही. लागतो तो नेम.

आधी नावांची यादी

सगळ्यात जास्त उपयोगाचं आणि सगळ्यात कमी खर्चाचं काम हे आहे, म्हणून त्यावर वेळ घालवा. शाळा सुटल्यावर सुमारे तासभर स्टाफरूममध्ये बसायचं. एकेका वर्गासाठी एक चार्ट पेपर, त्यावर वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव. दार बंद, आजूबाजूला मुलं नकोत, आणि मोबाइलवर फोटो काढायला सक्त मनाई.

बोलवायचं फक्त शिक्षकांना, असं करू नका. बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, चालक आणि त्यातली मदतनीस मुलांना रोज सकाळी घराच्या दारात बघतात. कोण उपाशी आलं, कोण रडत चढलं, कुणाला सोडायला कालपासून वेगळंच माणूस येतं, हे त्यांना वर्गशिक्षकाच्या आधी कळतं. माध्यान्ह आहार वाढणाऱ्या स्वयंसहाय्य गटातल्या बायका, शिपाई, ग्रंथपाल, पीटीचे सर हे सगळे हवेत.

प्रत्येकाने हिरव्या पेनाने खूण करायची ती दोन अटी पुऱ्या होत असतील तरच: या मुलाच्या घरचं मला काहीतरी ठाऊक आहे, आणि अडचण आली तर हे मूल आपणहून माझ्याकडे येईल. नुसतं नाव-गाव माहीत असणं पुरेसं नाही. मग लाल पेन घ्यायचं आणि ज्या मुलाच्या घरी सध्या ओढाताण आहे असं खात्रीने माहीत आहे, त्याच्या नावापुढे ठिपका द्यायचा. कारण लिहायचं नाही.

आता चार्टकडे नीट पाहा. हिरव्या खुणांची गर्दी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांभोवती आणि शेवटच्या बाकावरच्या दंगेखोरांभोवती झालेली दिसेल. मधल्या बाकांवरची गप्प, चाळीस-पन्नास टक्के मार्कांची, कुणाला त्रास न देणारी मुलं कोरी राहतात. लाल ठिपका आहे आणि हिरवी खूण एकही नाही, अशी नावं वेगळ्या कागदावर उतरवा. तुमचं काम या नावांपासून सुरू होतं.

या यादीतली मुलं वाटून घ्यायची. एका माणसाकडे दोन, फार तर तीन. त्याहून जास्त घेतली की दुसऱ्या आठवड्यात एकाकडेही लक्ष राहत नाही. मग लागोपाठ १० शालेय दिवस, रोज २ मिनिटं, त्या मुलाशी अभ्यास सोडून कशाबद्दलही बोलायचं. कालची फुटबॉलची मॅच, घरचं मांजर, देवळातला सप्ताह, घुमट वाजवायला कोण शिकवतं, पावसात शाळेची वाट कशी आहे. 'तुला माझ्याकडे सोपवलंय' हे मुलाला कधीही सांगायचं नाही. ते कळलं की मूल स्वतःला रोगी समजू लागतं.

बहुतेक ठिकाणी हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी फसतं. मूल 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच बोलतं आणि शिक्षकाला वाटतं, याला नकोय. नको असतं असं नाही, ते तुम्हाला जोखत असतं. यापूर्वी कुणीतरी दोन दिवस विचारपूस करून विसरून गेलेलं त्याला आठवतं. त्या दिवशी प्रश्न विचारू नका, स्वतःच एखादी साधी गोष्ट सांगा आणि पुढे जा. दुसरी चूक म्हणजे चौकशीचा सूर. 'बाबा परत प्यायला लागले का?' हा प्रश्न दहा दिवसांत एकदाही यायला नको. सांगायचं तेव्हा ते सांगेल. तिसरी चूक अकराव्या दिवशी होते, जेव्हा सगळं एकदम थांबतं. रोजचं बोलणं आठवड्यातून दोनदावर आणा, पण तोडू नका.

चार्ट मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवायचा आणि वर्षातून तीनदा नव्याने भरायचा: शाळा सुरू झाल्यावर महिन्याभराने, चतुर्थीच्या सुट्टीनंतर आणि जानेवारीत. जुना चार्ट फाडून जाळून टाका.

अडचणींचं पंचांग

संकट अचानक येतं असं आपण म्हणतो, पण गोव्यातल्या मुलांवर येणाऱ्या ताणाचा बराच भाग ठरलेल्या महिन्यांत येतो. वर्षाच्या सुरुवातीलाच बारा रकान्यांचा कागद घ्या आणि आपल्या गावापुरतं लिहून काढा.

किनाऱ्याकडच्या शाळेत जून आणि जुलै: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ट्रॉलरवर जाणाऱ्या घरांत ६१ दिवस आवक थांबलेली, आणि नेमका त्याच सुमारास वह्या, गणवेश, छत्र्यांचा खर्च. या महिन्यांत 'वही आणली नाही' म्हणून वर्गात उभं करणं बंद ठेवा. ऑफिसात दहा-वीस वह्या आणि पेनं ठेवून द्या, आणि मूल मागेल तेव्हा नाव न लिहिता द्या. डिचोली-सत्तरीकडे जुलै आला की म्हादई आणि वाळवंटी या नद्यांच्या पुराची धास्ती. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली आणि फोंड्यातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं, मातीच्या भिंती कोसळल्या. त्या वेळी पहिली-दुसरीत असलेली मुलं आज वरच्या वर्गांत आहेत. रात्रभर कौलांवर धो धो पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी त्यांतली काही पेंगत येतात, ती आळशी नसतात. अशा सकाळी पहिल्या तासाला चाचणी ठेवू नका.

भाद्रपदात चतुर्थी येते. ती आनंदाची खरी, पण ज्या घरांत वर्षभरात कुणी गेलं त्यांतल्या काही घरी गणपती नसतो, आणि वर्गात मात्र सगळे माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताच्या, गोष्टी सांगत असतात. पहिल्या दिवशी 'चतुर्थीत काय मजा केली' असा निबंध देण्याआधी कुणाच्या घरी गणपती नव्हता ते माहीत करून घ्या, आणि विषयाला दुसरा पर्याय ठेवा. ऑक्टोबरपासून पर्यटनाचा हंगाम: हॉटेलांत, शॅकवर, टॅक्सीवर काम करणारे आईबाबा रात्री उशिरा येतात, मुलं एकटीच जेवून झोपतात. मग परीक्षा आणि निकाल.

काही धक्के मात्र खरोखरच अचानक येतात. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा. ट्रकवर, बार्जवर, खाणीवर चालणारी घरं एका महिन्यात हप्त्यांच्या कचाट्यात सापडली. कारखाना बंद पडणं असो की हॉटेलातली कपात, अशा वेळी शाळेने पाहायच्या गोष्टी त्याच असतात: डबा येतोय का, सहलीच्या पैशांच्या दिवशी मूल गैरहजर राहतंय का, आणि घरात आता चिडचीड कुणावर निघतेय. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे पैसे वर्गात नाव पुकारून गोळा करण्याची पद्धत कायमची बंद करा. पालकांकडून पाकिटात घ्या.

धक्का बसल्यानंतरचा आठवडा

शाळेतलं कुणी गेलं, अपघात झाला, एखाद्या मुलाचे वडील वारले, तर वर्गाला त्याच दिवशी, पहिल्या तासाला, वर्गशिक्षकाने सांगायचं. माइकवरून, प्रार्थनेच्या रांगेत नाही. आधी घरच्यांना विचारा, काय सांगितलेलं चालेल. मग चार-पाच वाक्यं पुरतात, ती कागदावर लिहून घ्या: 'काल संध्याकाळी अमुकचे बाबा वारले. ते आजारी होते. तो काही दिवस शाळेत येणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल, काहींना काहीच वाटणार नाही, दोन्ही चालतं. मी मधल्या सुट्टीत इथेच वर्गात असेन.' लहान वर्गात 'देवाघरी गेले', 'झोपले' असं म्हणू नका. पाच-सहा वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं आणि मग झोपायलाच घाबरतं.

प्रत्येकाला उभं करून 'तुला काय वाटतंय ते सांग' असं करवून घेऊ नका. धक्क्यानंतर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच सगळं ओकायला लावण्याने पुढचा त्रास कमी होतो, हे अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. तिचा मानसिक प्रथमोपचाराचा मार्ग तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे कोण थरथरतंय, कोण जेवलेलं नाही, कोण एकटं बसलंय. ऐका म्हणजे मूल बोलेल तेवढंच, खोदून विचारू नका. जोडून द्या म्हणजे घरच्यांशी, मित्राशी, काउन्सेलरशी, आणि लागलंच तर पाणी, कपडे, पुस्तकं मिळण्याच्या सोयीशी.

इथे भाषेचा मुद्दा येतो, आणि गोव्यात तो फार महत्त्वाचा आहे. मराठी शाळेतलं मूल उत्तरं मराठीत लिहितं, पण घाबरतं आणि रडतं बहुधा कोकणीत. 'तुला कसं वाटतंय?' या प्रश्नाला ते पाठ केलेलं 'बरं' देतं. 'तुका कशें दिसता?' म्हटलं की 'म्हाका भंय दिसता' बाहेर येतं. काही वर्गांत कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलंही असतात. ती भाषा येणारं मोठं माणूस शाळेत कोण आहे, हे आधीच शोधून ठेवा. दुसऱ्या मुलाला दुभाषा करू नका.

पहिल्या आठवड्यात वेळापत्रक शक्य तितकं नेहमीचं ठेवा. घंटा त्याच वेळी, प्रार्थना तीच, बसायची जागा तीच. आतून सगळं हललेलं असताना बाहेरचं न हललेलं मुलाला धरायला मिळतं. गृहपाठ मात्र निम्मा करा, कारण दुःखात लक्ष टिकत नाही, आणि न झालेल्या गृहपाठाचा ढीग हा नवा धक्का होऊन बसतो. मूल शाळेत परत येईल त्या दिवशी दारात कोण उभं राहणार, ते बाकावर कुणाशेजारी बसणार आणि रडू आलं तर कुठे जाणार, हे तिन्ही आदल्या दिवशी ठरवा. खूण ठरवून द्या: डेस्कवर निळं पेन आडवं ठेवलं की विचारणा न होता दहा मिनिटं ग्रंथालयात जाता येईल.

श्वासाचा व्यायाम सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ४ मोजेपर्यंत नाकाने आत, ६ मोजेपर्यंत तोंडाने बाहेर, तीन ते पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात, सगळं गमक तिथेच. पण हे शांत असताना, रोज, आठवडाभर शिकवलं असेल तरच घाबरलेल्या क्षणी जमतं. काही मुलांना, विशेषतः दमा असलेल्यांना, श्वासाकडे लक्ष दिल्याने जास्त कोंडल्यासारखं होतं. त्यांना भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून १० मोजेपर्यंत जोराने ढकलायला सांगा, किंवा दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्श करता येणाऱ्या चार आणि ऐकू येणारे तीन आवाज मोजायला लावा.

प्रश्न सोडवायची वही

सातवीपासून पुढच्या मुलांना शिकवता येईल असं सगळ्यात टिकाऊ कौशल्य हे आहे. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने गोवा आणि दिल्लीतल्या शाळकरी मुलांसाठी जे काम केलं, त्याचा गाभाही हाच होता: समस्या, पर्याय, करून पाहा. शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर पर्याय.

समजा, नववीतल्या मुलीने लिहिलं, 'माझा अभ्यास होत नाही.' हा प्रश्न नाही, हे गाऱ्हाणं आहे. त्याला तासून घ्यावं लागतं. कधी होत नाही? संध्याकाळी. का? घरात एकच मोबाइल, तो भावाकडे असतो, आणि गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येतो. आता प्रश्न असा उतरला: 'रात्री ९ पर्यंत मला मोबाइल मिळत नाही, म्हणून गृहपाठ काय आहे तेच कळत नाही.' कधी, कुठे, कुणामुळे हे आलं की प्रश्न हातात आला असं समजा.

मग पर्याय, निदान पाच, वेडेवाकडे असले तरी. मैत्रिणीच्या वहीतून शाळेतच उतरवून घेणं. भावाशी वेळ वाटून घेणं. टीचरना गृहपाठ फळ्यावर लिहायला सांगणं. शेजारच्या काकूंकडे जाणं. गृहपाठ सोडून देणं. हो, शेवटचाही लिहू द्या. वाईट पर्याय मुलीने स्वतः लिहून स्वतः खोडला, की बाकीचे तिचे होतात. प्रत्येकापुढे एक फायदा, एक तोटा. एकच निवडायचा आणि त्यापुढे तारीख, वेळ, पहिली कृती: 'सोमवारी चौथ्या तासानंतर टीचरना विचारणार.' आठ दिवसांनी परत भेट. जमलं नाही तर वहीत 'नापास' असं काही लिहायचं नाही, दुसरा पर्याय घ्यायचा.

यात मोठी माणसं दोन ठिकाणी घोटाळा करतात. पहिला, पर्याय स्वतःच सांगून टाकतात. मुलगी गप्प बसली की हात शिवशिवतात, आणि आपण म्हणतो, 'अगं, तू असं कर ना.' मनात पन्नासपर्यंत अंक मोजा, मग बोला. तिने स्वतः काढलेला साधा पर्याय तुमच्या उत्तम पर्यायापेक्षा जास्त दिवस टिकतो.

दुसरा घोटाळा गंभीर आहे: जो प्रश्न मुलाने सोडवायचा नाही, तो वहीत घेतात. बाबांचं दारू पिणं, आईला होणारी मारहाण, घरावरचं कर्ज, आजीचा कॅन्सर. 'तू बाबांना समजावून सांग' हे मुलाला सांगणं क्रूर आहे. बाबा थांबत नाहीत, आणि दोष मूल स्वतःवर घेतं. अशा वेळी पानाच्या मध्यभागी रेघ मारा. रेघेच्या वर: मोठ्यांनी सोडवायचं, आणि पुढे त्या मोठ्या माणसाचं नाव. रेघेखाली: तोपर्यंत मला काय करता येईल. रात्री भांडण सुरू झालं तर कुणाच्या घरी जायचं, कुठला नंबर पाठ हवा, दप्तर कुठे ठेवायचं म्हणजे पुस्तकं फाटणार नाहीत, लहान भावाला कुठल्या खोलीत न्यायचं. मधे पडून सोडवायला जायचं नाही, हे स्पष्ट सांगा.

काम द्या, पण तोलून

खचलेल्या मुलाला सारखी मदतच मिळत राहिली, तर ते स्वतःला ओझं समजू लागतं. त्याला दुसऱ्याच्या उपयोगाचं खरं काम द्या. दुसरीतल्या दोन मुलांना रोज १५ मिनिटं वाचून दाखवणं, बागेतल्या पाच वाफ्यांना पाणी, ग्रंथालयाची नोंदवही, शाळेच्या आरतीला झांज. काम रोजचं हवं, छोटं हवं, आणि ते झालं नाही तर कुणाला तरी जाणवायला हवं. नुसतं 'मॉनिटर' करू नका, त्यात दुसऱ्यांची नावं लिहिण्याशिवाय काही नसतं.

मात्र काही मुलं घरी आधीच मोठी झालेली असतात. सकाळी धाकट्याला आंघोळ घालून, भात लावून शाळेत येणारी मुलगी तुम्हाला 'किती जबाबदार' वाटते. तिला आणखी काम देऊ नका. तिला लंगडी खेळायला मोकळीक द्या, पाच मिनिटं उशीर झाला तर विचारू नका.

शाबासकीचंही तसंच. 'हुशार आहेस' याने काही मिळत नाही, कारण पुढच्या वेळी चुकलं की हुशारीच गेली. 'तिसरं गणित दोनदा खोडून परत केलंस, दुसऱ्यांदा उभी मांडणी केल्यावर सुटलं' असं नेमकं सांगा. पेपर परत देताना मार्क पुकारू नका, उलटे करून बाकावर ठेवा. मग १० मिनिटं मुलांनी आपल्याच चुका तीन रकान्यांत वाटायच्या: आलं नाही, येत होतं पण घाई झाली, प्रश्नच कळला नाही. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. 'मी ढ आहे' म्हणणाऱ्या मुलाच्या निम्म्या चुका घाईच्या निघतात, आणि ते त्याच्या डोळ्यांनी दिसणं आपल्या दहा समजुतींपेक्षा मोलाचं.

दहावी-बारावीचा निकाल लागायच्या तीन दिवस आधी आणि तीन दिवस नंतर, चार्टवरच्या लाल ठिपक्याच्या प्रत्येक मुलाला फोन झाला पाहिजे. निकालाआधीच्या फोनमध्ये पुरवणी परीक्षा असते, आयटीआय असतं, हे निकालाचा विषय निघण्याआधीच सांगून ठेवा. रडणाऱ्याला पर्याय ऐकू येत नाहीत. कमी मार्क पडलेला हुशार मुलगाही याच यादीत घ्या, अपेक्षा मोठी तर पडणंही मोठं.

घरच्यांशी

पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) सभेत हा विषय काढला की ज्यांनी यायला हवं ते येत नाहीत, कारण सकाळी ११ वाजता वेर्ण्याच्या कारखान्यातून किंवा कळंगुटच्या हॉटेलातून कोण सुटी घेणार? संध्याकाळी उशिरा किंवा रविवारी, वाड्यावर, देवळाच्या सभामंडपात अर्धा तास बसा. भाषण नको. तीनच मागण्या करा. झोप: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास, मोबाइल रात्री मोठ्यांच्या खोलीत. दिवसातून एक जेवण कुणातरी मोठ्याबरोबर. आणि चुलत भावाशी तुलना बंद.

बाबा जहाजावर किंवा आखातात असतील तर फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्या, आठवड्यातून एकदा असला तरी चालेल. केव्हातरी येणाऱ्या रोजच्या फोनपेक्षा नेमाने येणारा एक फोन मुलाला जास्त धरून ठेवतो. परतण्याची तारीख पक्की नसेल तर सांगू नका. कॉन्ट्रॅक्ट लांबतं, आणि मुलं तारखा विसरत नाहीत. बाबा आल्यावरचे पहिले पंधरा दिवसही कठीण असतात, घराचे नियम बदलतात, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावं.

आर्थिक अडचण मुलापासून पूर्ण लपवणं जमत नाही, ते भिंतीआडून ऐकतंच. वयाला झेपेल तेवढं सांगा: 'बाबांचं काम सुटलंय. दुसरं शोधतायत. तोपर्यंत हॉटेलात जेवायला जायचं नाही. तुझी शाळा सुरू राहणार. यात तुझी काही चूक नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका.

कधी पुढे पाठवायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास, चिडचिडं किंवा अगदी गप्प असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडता खेळ सोडला असेल, वारंवार पोट दुखतं पण डॉक्टरांना काही सापडत नसेल, तर वर्गशिक्षकाने एकट्याने सांभाळायचं थांबवा. शाळेला नेमून दिलेल्या काउन्सेलरकडे पाठवा, आणि पाठवताना सोबत जा. 'तुला काउन्सेलरने बोलावलंय' असं वर्गात ओरडून सांगितलं की ते मूल पुन्हा कधी जात नाही. गरज मोठी असेल तर बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे.

मरणाबद्दल बोलणं किंवा लिहिणं, स्वतःला ओरबाडून-कापून घेणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, बऱ्याच दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी विचित्र शांत होणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी, एकांतात, सरळ विचारा: 'तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी ओळखलं म्हणून मूल सुटकेचा श्वास टाकतं. हो म्हटलं तर 'असं बोलू नये', 'आईचा विचार कर' हे ओठांवर येऊ देऊ नका. मुलाला एक क्षणही एकटं सोडू नका, स्वच्छतागृहात जातानाही बाहेर कुणी हवं. घरच्यांना बोलावून घ्या, आणि घरातली कीटकनाशकं, गोळ्या, दोऱ्या हाताबाहेर ठेवायला सांगा. मुलाला एकट्याने बालरथात बसवून घरी पाठवू नका.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. आधीच म्हणा, 'तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत आणावी लागेल, पण कुणाला सांगतोय ते तुला आधी सांगेन.' लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. संशयही पुरतो, आणि खरं-खोटं तपासणं शाळेचं काम नाही. मुलाने सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

स्टाफरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि मुलांच्या स्वच्छतागृहात एक कागद चिकटवा. टेलि-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. चाइल्डलाइन १०९८. आणीबाणी ११२. रुग्णवाहिका १०८. स्वच्छतागृहात अशासाठी, की तिथे नंबर उतरवून घेताना मुलाला कुणी बघत नाही. अक्षरं मोठी ठेवा, पावसाळ्यात कागद ओलावतो म्हणून लॅमिनेट करा, आणि दर महिन्याला कुणीतरी जाऊन तो जागेवर आहे का ते बघून या.

यादीतली मुलं घेतलेल्या शिक्षकांनी दोघादोघांच्या जोड्या करा आणि दर शुक्रवारी शेवटच्या तासानंतर १५ मिनिटं बसा: या आठवड्यात कुठलं मूल जड गेलं, सोमवारी काय करायचं. रात्री ९ नंतर मुलांचे मेसेज घ्यायचे की नाही, घेतले तर कोण घेणार, तेही याच बैठकीत ठरवा. एखाद्या शिक्षकाच्या घरी सुतक असेल, आजारपण असेल, तर त्याच्या वाट्याची मुलं महिनाभर जोडीदाराने घ्यायची आणि मुलांना तसं सांगायचं: 'सर काही दिवस रजेवर आहेत, पहिल्या तारखेला येतील, तोवर मी आहे.'